भूक वाढली, खाणे मात्र निवडकच : पोराच्या ताटाचा एक पाठ



बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या यांचे पाठ आपण या पानावर वरचेवर घेतो. आजचा पाठ शेतातला नसून चुलीजवळचा आहे. सभासद भगिनी भेटल्या की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते, म्हणून तो घेतला आहे.

तक्रार अशी. पोरगा दहा-अकरा वर्षांचा झाला. शाळेतून आला की दप्तर फेकतो आणि "माय, माले भूक लागनी" म्हणत स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. पण ताटात गिलक्याची भाजी दिसली की तोंड फिरवतो. भाकर नको, वरण नको, पालेभाजी तर नकोच. त्याला चारच जिन्नस पाहिजेत : भात, साखर लावलेली पोळी, चहात बुडवायचे बिस्कीट आणि दुकानातली शेव-कुरकुऱ्याची पुडी. लहान होता तेव्हा खाणेच थोडे होते, चालून गेले. आता भूक दीडपट झाली आणि यादी मात्र तीच राहिली. मग करायचे काय?

बहुतेक घरांत काय होते, ते आम्हाला माहीत आहे, कारण आमच्याही घरात तेच झाले. ऊसतोड चालू असते, दोघेही फडावर, घरी आजी एकटी. जाताना पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली जाते. पोर भुकेले राहिले नाही, याचे समाधान वाटते. पण वाढलेली भूक त्या पुडीने बुजली, आणि संध्याकाळी ताटावर बसले ते पोट भरलेले पोर. मग "खा रे, दोन घास तरी खा" सुरू होते. चूक संध्याकाळच्या ताटात नव्हती. ती चार वाजताच झाली होती.

१. भूक का वाढते?

मुलीच्या अंगात साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी आणि मुलाच्या अंगात बाराव्या-तेराव्या वर्षी वाढीचा जोर येतो. त्याआधी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होते. ऐन जोराच्या वर्षात मुलगी आठ-नऊ आणि मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. पायजमा चार महिन्यांत आखूड होतो, तो याच काळात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे पाहा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी उष्मांक लागतात. दहा ते बारा वर्षांच्या मुलग्याला २२२० आणि मुलीला २०६० लागतात. तेरा ते पंधराच्या मुलग्याची गरज २८६० पर्यंत जाते. म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा दहा-बाराचा होईपर्यंत रोजच्या खाण्यात दोन मोठ्या भाकरींइतकी भर पडावी लागते. प्रथिनांची गरज तर २३ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमवर जाते.

उसाला मोठ्या बांधणीच्या वेळी आपण नत्राचा चाळीस टक्के हप्ता देतो. त्यानंतर ऊस झपाट्याने कांड्या सोडतो. तो हप्ता चुकवला आणि दोन-तीन महिन्यांनी युरिया टाकला, तर राहिलेल्या कांड्या भरून येत नाहीत, उलट साखरेचा उतारा घसरतो. पोराच्या अंगालाही अशी वेळ असते. त्या दोन-चार वर्षांत हाड, रक्त आणि स्नायू यांना लागणारा माल ताटातून गेला पाहिजे. बिस्किटाने उष्मांक मिळतात, पोट भरते, पण हाडाला आणि रक्ताला लागणारा माल त्यात फार थोडा असतो.

२. पोर निवडक का होते?

अनोळखी पदार्थ तोंडात घालायला भिणे ही लहान मुलाची उपजत सवय आहे. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान ती सर्वांत जास्त असते. पुष्कळ मुलांची पुढे कमी होते, काहींची राहते. कोणाला कारल्या-मेथीचा कडूपणा मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो, कोणाला गिलक्याचा गिळगिळीतपणा सोसत नाही. यात पोराचा उर्मटपणा नाही आणि माउलीचा दोषही नाही.

आपल्या शिंदखेडा तालुक्यात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे तिखट. दोंडाईच्याच्या मिरचीच्या बाजाराचे नाव दूरवर आहे, आणि आपल्या रश्शाचा लाल तवंग पाहूनच पाहुणा पाण्याचा तांब्या जवळ ओढतो. मोठ्यांना त्यात गोडी वाटते. पण पोर "भाजी नको" म्हणते तेव्हा पुष्कळदा त्याला भाजी नको नसते, तिखट नको असते. भात आणि साखर-पोळी या दोन्हींत तिखट नाही, हे ध्यानात घ्या. यावर उपाय सोपा आहे. तिखट आणि काळा मसाला पडण्याआधी पोराची वाटी बाजूला काढावी. भाजी घरची तीच, फक्त तिखट कमी. निराळा स्वयंपाक मात्र करू नये.

३. कामाची वाटणी

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात आई-बापांना एक वाटणी सांगितली, ती आजही बालरोगतज्ज्ञ सांगतात. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे, हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले काय उचलायचे आणि किती खायचे, हे पोराने ठरवायचे. भांडण होते ते या दोन कामांची सरमिसळ झाल्यावर. आपण पोराचे काम करायला जातो, म्हणजे घास कोंबतो, आणि पोर आपले काम करते, म्हणजे आज काय शिजेल ते ठरवते.

पोराच्या हाती "किती" सोपवले तर ते उपाशी राहील, ही भीती सर्वांना वाटते. तिचे उत्तर शिकागोतल्या एका जुन्या प्रयोगात मिळते. क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंनी १९२८ पासून त्याबद्दल लिहिले. नुकतीच दुधावरून वरच्या अन्नावर आलेली पंधरा बाळे त्यांनी देखरेखीखाली ठेवली. त्यांच्यापुढे दूध, अंडी, फळे, भाज्या, धान्ये, मांस असे तीसेक साधे पदार्थ ठेवले जात. दायांना सक्त सूचना होती की आग्रह करायचा नाही, नाराजी दाखवायची नाही. एखादे बाळ एके दिवशी नुसती अंडीच खाई, दुसऱ्या दिवशी फळांवरच राही. पण महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा सगळी बाळे चांगली पोसलेली निघाली.

यावरून "पोराला हवे ते खाऊ द्या" असा अर्थ काढू नये. डेव्हिसबाईंनीच सांगितले की खुबी त्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, तयार गोड पदार्थ नव्हते. जे होते ते सगळे चांगलेच होते, म्हणून मुलाने काहीही निवडले तरी बिघडत नव्हते. यादी मोठ्यांची आणि निवड पोराची, हा या पाठाचा गाभा आहे.

४. घरी करायच्या गोष्टी

पहिली : वेळा बांधाव्यात. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, शाळेतून आल्यावरचे खाणे आणि रात्रीचे जेवण, अशा चार वेळा. मध्ये फक्त पाणी. दुधाचे पेले एकामागून एक दिले तरी भूक मरते. दिवसाला दोन पेले पुरेत.

दुसरी : चार वाजताची भूक वाया घालवू नये. दिवसातली ती सर्वांत खरी भूक असते. त्या वेळी पुडीऐवजी जेवणाचाच एक तुकडा ठेवावा : मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि केळे, मठाची किंवा चवळीची उसळ, कळण्याच्या भाकरीवर तेल-मीठ, उकडलेले अंडे, दही-पोहे. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे वाढत्या वयात जी भर घालायची ती बहुतेक सगळी. आजीला सांगून झाकून ठेवले तर फडावरून धावत येण्याची गरज नाही.

तिसरी : ताटात एक जिन्नस त्याच्या ओळखीचा ठेवावा. भात आवडतो ना, मग थोडा भात असू द्या. त्याच्या आधाराने पोर ताटावर टिकते, आणि टिकले तरच बाकीचे बघते.

चौथी : नवी भाजी एकच चमचा वाढावी, आणि ती पुन्हा पुन्हा वाढावी. मुलाला नवा पदार्थ आपलासा वाटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा तो समोर यावा लागतो, असे अभ्यासात दिसले आहे. आपण दोनदा वाढतो, तिसऱ्यांदा "त्याला आवडतच नाही" म्हणून शिक्का मारतो. चमचाभर वाढावी, खाल्ली तर वाहवा नको, टाकली तर बोलणे नको. टाकलेला चमचा गाईला जाईल, नुकसान काही नाही.

पाचवी : आवडीच्या पदार्थाच्या शेजारचाच नवा पदार्थ घ्यावा. भात खातो, तर तूरडाळीची खिचडी द्यावी. खिचडी रुळली की तिच्यात बारीक चिरलेली मेथी किंवा पोकळा. बटाटा खातो, तर बटाट्यात मेथी. पोळी खातो, तर आधी पोळीच्या कणकेत थोडे ज्वारी-उडदाचे पीठ, मग कळण्याची भाकर. गोड आवडते, तर गंगाफळाच्या घाऱ्या. वरण-बट्टीच्या दिवशी सगळे पोटभर खातात, त्या दिवशी वरण जरा घट्ट करावे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायची आपल्या आजी-पणजीची रीत शास्त्रालाही पटणारी आहे. धान्याच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळ भरून काढते.

सहावी : लाच देऊ नये. "भाजी संपव, मग गोळी देते" असे म्हटले की पोराला कळते, भाजी म्हणजे शिक्षा आणि गोळी म्हणजे बक्षीस. अमेरिकेत लिअॅन बर्च यांनी १९८४ साली मुलांना एक नवे पेय पिण्याबद्दल बक्षीस देऊन पाहिले. बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय पुढे पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले.

सातवी : पंगत. याच बर्चबाईंनी १९८० साली, एक भाजी आवडणाऱ्या मुलाला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या घोळक्यात जेवायला बसवले. थोड्याच दिवसांत तो त्यांची भाजी घेऊ लागला. आपल्याला हे नवे नाही. घरी वांगे न खाणारे पोर भंडाऱ्याच्या पंगतीत वांग्याची भाजी दोनदा मागते. म्हणून रात्रीचे जेवण तरी घरातल्या सर्वांनी एकत्र, टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवून करावे. बापाने "मला हे गिलके नको" म्हटले, तर पोराला पाठ शिकवायला नको, तो त्याने पाहून घेतला.

आठवी : पोराला कामाला लावावे. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा काढणे, भेंडी तोडणे, भाजी निवडणे, बाजारातून एक भाजी स्वतः पसंत करून आणणे. स्वतः आणलेली भाजी चाखायला हात आपोआप जातो.

आमच्या घरी हे आम्ही एका हंगामात करून पाहिले. पहिला आठवडा कठीण गेला. दोन रात्री पोरगा नुसता भात खाऊन उठला आणि आजी आमच्यावर रागावली. दहाची नोट बंद झाली तेव्हा त्याने दप्तरही आपटले. मग हळूहळू चार वाजता चवळीची उसळ जाऊ लागली, पुढे मेथीची खिचडी, मग एक दिवस अंबाडीची भाजी आणि भाकर. गिलके तो आजही खात नाही. आम्ही तो नाद सोडला. दहा भाज्या खाणाऱ्याने अकरावी नाही खाल्ली, तर घराचे काही अडत नाही.

५. साखरेबद्दल आपल्यातले बोलणे

हे पान साखर कारखान्याचे आहे, म्हणूनच हे लिहितो. भागाची साखर घरी येते, पोते संपता संपत नाही, आणि पोरांच्या चहात हात सैल सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. नऊ वर्षांच्या पोराच्या हिशेबात दहा टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, आठ चमचे. पाच टक्के म्हणजे चारच चमचे. चहा, बिस्कीट, बाटलीतले पेय, साखर-पोळी असे सगळे धरले तर आठ चमचे दुपारपर्यंतच उलटतात. गुळात थोडी खनिजे आहेत, पण या हिशेबात गूळही साखरच. आपल्या घामाची साखर सणाला, पाहुण्याला, पुरणपोळीला शोभते. रोजच्या भुकेवर तिची डागडुजी करू नये.

चहाचे आणखी एक आहे. जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर भाजी-भाकरीतले लोह अंगी कमी लागते. उलट लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर ते जास्त लागते. पोराला जेवणाशेजारी चहा नको, लिंबाची फोड द्या.

६. पोरीचे ताट

वर पाहिले की मुलीचा वाढीचा जोर मुलाच्या आधी येतो. पण आपल्या घरांत आधी पुरुष, मग पोरगे, आणि शेवटी राहील त्यात माय-लेकी अशी रीत अजून दिसते. पोरगा जास्त मागतो तेव्हा "वाढतं वय आहे" म्हणतात, पोरगी मागते तेव्हा "किती खातेस" म्हणतात. पोरगा ताट सरकवतो तेव्हा दुसरे करून देतात, पोरगी सरकवते तेव्हा नखरे ठरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींचे रक्त कमी निघाले. तिला लागणारी प्रथिने त्याच वयाच्या मुलग्याइतकीच आहेत : दहा ते बारा वर्षांत सुमारे ३३ ग्रॅम. पाळी सुरू झाली की लोहाची गरजही वाढते. शेंगदाणे, डाळ, अंडे, दूध यांचा वाटा तिच्या ताटात पहिल्या पंगतीलाच पडला पाहिजे.

७. शाळा, अंगणवाडी आणि डॉक्टर

शाळेच्या दुपारच्या जेवणाचे माप ठरलेले आहे. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. पोर ते खाते की डब्यातले बिस्कीट खाते, याची गुरुजींकडे चौकशी करावी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू देऊ नये. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की त्या दिवशी पोर हजर असावे. आपल्या फडावर कोयता घेऊन आलेल्या कुटुंबांची लहान पोरे असतात. त्यांच्यापुढे निवडायला चार जिन्नसही नसतात. जवळच्या अंगणवाडीशी त्यांची गाठ घालून देणे हे आपल्यासारख्या फडमालकाचेच काम आहे.

पुढील खुणा दिसल्या तर घरगुती उपायांवर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे :

- भूक वाढली, तहानही खूप लागते, रात्री लघवीला वारंवार उठते आणि वजन उतरते : ही लहान वयातल्या मधुमेहाची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तातली साखर तपासावी. उद्यावर टाकू नये.
- खाणे भरपूर, पण सहा महिन्यांत वजन किंवा उंची वाढलीच नाही.
- माती, खडू, कच्चे तांदूळ खाते, किंवा चेहरा पांढुरका दिसतो.
- प्रत्येक घासाला उबळ येते, गिळताना ठसका लागतो, किंवा यादी कमी होत होत तीन-चार पदार्थांवर आली आहे.

स्वाध्याय

१. दाराच्या चौकटीवर पोराची उंची खुणेने नोंदवा, शेजारी तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. मुलीचीही नोंदवा.

२. पोर खाते त्या सगळ्या पदार्थांची यादी करा. प्रत्येकाच्या पुढे त्याच्या शेजारचा एक नवा पदार्थ लिहा.

३. आठवडाभर चार वाजताचे खाणे घरात झाकून ठेवा आणि दहाची नोट खिशातच राहू द्या.

४. ताटावर बसल्यावर "खा" हा शब्द सात दिवस कोणी उच्चारायचा नाही. आजीलाही ही अट सांगावी. आजीच्या बाबतीत ती पाळली जाईल याची हमी मात्र आम्ही देत नाही.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट न जाळता कुजवण्याचा पाठ घेऊ.